पॉवर बीआयमध्ये मेजर चालतं, तरी कॉलमच्या नावाखाली लाल रेघ का येते?

पॉवर बीआय हे डेटावरून रिपोर्ट बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन आणि मेजर म्हणजे त्यातलं डॅक्स भाषेत लिहिलेलं हिशेबाचं सूत्र. तुमचं मेजर साधारण असं आहे: अॅडकॉलम्स या टेबलाला कॉलम जोडणाऱ्या फंक्शनने एका व्हेरिएबलमध्ये तात्पुरतं टेबल बनवलं, त्यात ॲट-चिन्हाने सुरू होणारा विक्रीचा कॉलम घातला आणि पुढे समएक्स या ओळीओळीने बेरीज करणाऱ्या फंक्शनमध्ये तोच कॉलम वापरला. तिथे लाल रेघ, माउस नेला की ‘नाव सापडत नाही’. उत्तर मात्र बरोबर येतं. मग रेघेकडे दुर्लक्ष करा.

कारण सोपं आहे. रेघ ओढणारा एडिटर वेगळा आणि सूत्र चालवणारं इंजिन वेगळं. एडिटर टाइप करतानाच वरवर तपासतो आणि मॉडेलमधली, म्हणजे तुमच्या फाइलमध्ये कायमची असलेली, टेबलं, कॉलम, मेजर पाहतो. तुमचा कॉलम मॉडेलमध्ये नाहीच, तो सूत्र चालेपर्यंतच जगतो. इंजिन पूर्ण सूत्र वाचतं, म्हणून त्याला तो दिसतो.

खरी चूक ओळखायची तर एंटर दाबा. इंजिनला सूत्र पटलं नाही तर फॉर्म्युला बारखाली एररचा मजकूर येतो आणि फील्डच्या यादीत मेजरजवळ इशाऱ्याचं चिन्ह दिसतं. दोन्ही नसेल तर रेघ खोटी. तरी शंका असेल तर नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या डॅक्स क्वेरी व्ह्यूमध्ये (डॅक्स क्वेरी लिहून तिचा निकाल पाहायची जागा) इव्हॅल्युएट ही आज्ञा लिहून ते तात्पुरतं टेबलच उघडून पाहा. मी तर आधी तेच करतो.

रेघ घालवण्यासाठी ॲट काढू नका. त्या चिन्हामुळेच कॉलम आणि मेजर यांची नावं एकमेकांत गुंतत नाहीत.