ट्रान्सफरच्या वाटेवर क्लब, पोस्टर आणि निवडणूक यांना किंमत आहे का?

एका आईचं पत्र, थोडक्यात:

मॅडम, नमस्कार. आम्ही उत्तर व्हर्जिनियात राहतो. हायस्कूलनंतर मुलीला हवं ते विद्यापीठ मिळालं नाही आणि जे मिळालं तिथली फी झेपणारी नव्हती. त्यामुळे ती घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजच्या शाखेत बायॉलॉजी शिकते. इथली दोन वर्षं झाली की ट्रान्सफर घेऊन चार वर्षांच्या विद्यापीठात जायचा बेत आहे. दुसरं सेमिस्टर सुरू आहे, जीपीए (ग्रेडची सरासरी) ४ पैकी ३.७ आहे. पण हल्ली क्लास संपले तरी घरी येत नाही. सायन्स क्लबची सेक्रेटरी झाली आहे, विद्यार्थ्यांच्या पोस्टर प्रदर्शनात तिला बक्षीस मिळालं, आता स्टुडंट गव्हर्नमेंटच्या, म्हणजे विद्यार्थी प्रतिनिधी मंडळाच्या, निवडणुकीला उभी राहायचं म्हणते. त्यातच फाय थीटा कॅपा नावाच्या संस्थेचं पत्र आलंय, फी भरून सभासद व्हा म्हणून. ही फसवणूक तर नाही ना? आणि एवढ्याशा शाखेतल्या या गोष्टींना बाहेर कोण विचारतं? तिच्या बाबांचं म्हणणं, हे सगळं सोडून दर सेमिस्टरला १८ क्रेडिट घे आणि लवकर बाहेर पड. कॉलेजला फोन केला तर ते आम्हाला काहीच सांगत नाहीत.

ताई, नमस्कार.

फाय थीटा कॅपाचं आधी सांगते, कारण त्या पत्रात बहुधा शेवटची तारीख दिलेली असेल. ही फसवणूक नाही. दोन वर्षांच्या कॉलेजांमधल्या हुशार विद्यार्थ्यांची ही संस्था १९१८ साली मिसुरी राज्यात सुरू झाली आणि १९२९ मध्ये ज्युनिअर कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेनं तिला अधिकृत मान्यता दिली. साधारणपणे किमान १२ क्रेडिट झालेल्या आणि ३.५ च्या आसपास किंवा वर जीपीए असलेल्या मुलांना निमंत्रण जातं, म्हणजे तुमची लेक त्यात बसते. फी एकदाच भरायची असते. अनेक विद्यापीठं ट्रान्सफर होऊन येणाऱ्या सभासदांसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या ठेवतात, त्यामुळे ती वाया जाण्याची भीती फारशी नाही. तुमची शंका मात्र रास्त आहे. नावात ‘ऑनर’ लावून पैसे उकळणाऱ्या संस्थाही मुलांना पत्रं पाठवतात. खात्री करायची सोपी रीत म्हणजे तिच्या कॅम्पसवर या संस्थेचा चॅप्टर (स्थानिक गट) आहे का आणि त्याचे सल्लागार प्राध्यापक कोण, हे तिनं स्टुडंट लाइफच्या ऑफिसात जाऊन विचारावं. तिथं माणूस भेटला, नाव कळलं, की फी भरा. मात्र नुसतं सभासदत्व घेऊन प्रमाणपत्र फाइलला लावायचं असेल, तर त्याचा उपयोग मर्यादित आहे. चॅप्टरच्या एखाद्या उपक्रमात ती काम करणार असेल, तर तो चांगला सौदा आहे.

कॉलेज तुम्हाला काही सांगत नाही, यात त्यांचा उर्मटपणा नाही. १९७४ च्या फेर्पा कायद्यानुसार मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्या मुलाकडे जातो, फी कोणीही भरत असो. आपल्याकडे निकालपत्रावर पालकांची सही लागायची, त्यामुळे हे पचायला जड जातं, मला कळतं. पण याचा सरळ अर्थ असा, की कॉलेजबद्दल तुम्हाला जे कळेल ते तिच्याच तोंडून. तेव्हा संध्याकाळी ती घरी आल्यावर पहिला प्रश्न “इतका उशीर का?” असा असेल, तर ती तेवढ्याचंच उत्तर देईल. पोस्टर कशावर होतं, ते तुम्ही तिला विचारलंत का? पत्रात तुम्ही बक्षीस लिहिलंय, विषय लिहिलेला नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. बाहेर कोण विचारतं?

ट्रान्सफरचा अर्ज वाचणाऱ्याला शाखा लहान की मोठी याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्याच्यासमोर गुणपत्रक असतं आणि तो शोधत असतो, की या मुलीनं जिथं होती तिथं काय केलं. बरीच खासगी विद्यापीठं आणि मोठ्या शिष्यवृत्त्या प्राध्यापकांची शिफारसपत्रं मागतात, आणि ती कॉलेजच्या प्राध्यापकांची लागतात. हायस्कूलच्या शिक्षकांचं पत्र कितीही सुंदर असलं तरी इथं पुरत नाही. म्हणजे तिच्याकडे दोन वर्षांपेक्षाही कमी वेळ आहे. कारण अर्ज दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर जातात आणि तेव्हा तिच्याबद्दल पानभर लिहू शकेल असं कोणीतरी तयार हवं. ‘ही विद्यार्थिनी माझ्या वर्गात होती, तिला ए मिळाला’ हे पत्र कोणालाही मिळतं. ‘तिचे निष्कर्ष जुळेनात तेव्हा तिनं मोजण्याची पद्धतच पुन्हा तपासली’ हे लिहायला त्या प्राध्यापकानं तिला वर्गाबाहेर पाहिलेलं असावं लागतं.

आणि शाखेत नेमकं हेच अवघड असतं. निवासी विद्यापीठात वसतिगृह असतं, मेस असते, रात्री अकराला कॉरिडॉरमध्ये गप्पा चालतात. कॉलेजजीवन मुलाला आपोआप चिकटतं. कम्युनिटी कॉलेजच्या शाखेत मुलं पार्किंगमधून वर्गात आणि वर्गातून पार्किंगमध्ये जातात. कोणाला दोनची शिफ्ट गाठायची असते, कोणाचं मूल पाळणाघरात असतं. कितीतरी प्राध्यापक अर्धवेळ असतात आणि तास संपला की दुसऱ्या कॅम्पसकडे धावतात. पुष्कळ ठिकाणी स्टुडंट लाइफचं ऑफिस म्हणजे एक-दोन खोल्या आणि एखाददुसरा कर्मचारी. अशा ठिकाणी जी मुलगी क्लासनंतर थांबते, ती चटकन नजरेत भरते. मोठ्या विद्यापीठाच्या विज्ञान मंडळात दुसऱ्याच सेमिस्टरला सेक्रेटरीपद हाती येणं सोपं नाही. इथं तिला ते मिळालं. हा शाखेचा फायदा आहे, आणि तो घ्यावा.

क्लबमागचं कामही तुम्हाला सांगायला हवं, कारण ‘क्लब’ म्हटलं की पालकांच्या डोळ्यांसमोर टाइमपास येतो. कॉलेजची मान्यता मिळवायची तर क्लबला घटना लागते, सल्लागार प्राध्यापक लागतो, ठरावीक सभासद लागतात. फीमधून जमणाऱ्या निधीतून पैसे मिळवायचे तर अंदाजपत्रक मांडावं लागतं, अनेक ठिकाणी ते स्टुडंट गव्हर्नमेंटपुढे. सेक्रेटरीला सभेची सूचना काढणं, इतिवृत्त लिहिणं, खोली आरक्षित करणं, पाहुण्यांशी पत्रव्यवहार करणं हे सगळं येतं. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला हे शिकवणारा कोर्स मला माहीत नाही.

तरीही तिच्या सगळ्या उद्योगांत माझ्या लेखी सर्वांत मोलाचं पोस्टर आहे. बक्षिसाचा भाग त्यात छोटा. बायॉलॉजीच्या विद्यार्थिनीनं प्रश्न घेतला, माहिती गोळा केली, ती चार रकान्यांत मांडली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना उभं राहून समजावली. पुढे विद्यापीठात प्रयोगशाळेत जागा मागायला जाईल तेव्हा तिथले प्राध्यापक पहिलं हेच विचारतील, याआधी काय केलंस? तिनं पोस्टरची फाइल, कच्ची आकडेवारी आणि कार्यक्रमपत्रिका जपून ठेवावी. ज्या प्राध्यापकांनी मार्गदर्शन केलं त्यांच्याकडे पुढच्या सेमिस्टरला ऑनर्स पद्धतीनं काही करता येईल का, हे आत्ताच विचारावं. अनेक कॉलेजांत साध्या कोर्सलाच जास्तीचं संशोधन जोडून तो ऑनर्स म्हणून नोंदवण्याची सोय असते आणि ती नोंद गुणपत्रकावर दिसते. शाखेत ऑनर्सचा वेगळा वर्ग भरण्याइतकी मुलं नसतात, तिथं तर ही सोय फार कामाची.

निवडणुकीबद्दल माझं मत थोडं वेगळं पडेल. क्लबचं सेक्रेटरीपद सांभाळून, पोस्टरचं काम पुढे नेऊन, वर स्टुडंट गव्हर्नमेंट हे मला जास्त वाटतं. पदांची यादी लांबवून अर्ज वजनदार होत नाही. तिला विद्यार्थ्यांच्या प्रश्नांची खरी कळकळ असेल, म्हणजे संध्याकाळी ग्रंथालय लवकर बंद होतं किंवा बसच्या वेळा जुळत नाहीत यासाठी तिला काही करायचं असेल, तर तिनं जरूर उभं राहावं. मग क्लबचं पद दुसऱ्याला द्यावं. नुसतं अर्जात दिसेल म्हणून असेल, तर नको. हा निर्णय तिचा. तुम्ही फक्त एवढं विचारा की निवडून आलीस तर पहिलं काय करशील? तिच्या उत्तरातच निर्णय असेल.

१८ क्रेडिटच्या बेताला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे, ताई, आणि हे तिच्या बाबांना वाचून दाखवा. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवी साधारण ६० क्रेडिटची, म्हणजे सेमिस्टरला १५ घेतली तर चार सेमिस्टरमध्ये होते. एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला वर्गातला साधारण एक तास, आणि वर्गातल्या दर तासामागे घरी दोन तास अभ्यास धरायचा असा इथला जुना हिशेब आहे. त्यानं १८ क्रेडिट म्हणजे आठवड्याला ५४ तास, प्रवास सोडून. एवढं करूनही वेळ वाचतोच असं नाही, कारण विज्ञानातले कोर्स एकामागून एक घ्यावे लागतात. जनरल केमिस्ट्रीचे दोन भाग झाल्याशिवाय ऑरगॅनिक केमिस्ट्रीत बसता येत नाही, आणि तिचेही दोन भाग. जास्त क्रेडिट घेऊन ही साखळी आखूड होत नाही, फक्त बाकीचे विषय आधी उरकतात. त्यात शाखेची आणखी एक अडचण असते. प्रयोगशाळेचे वरचे कोर्स प्रत्येक कॅम्पसवर दर सेमिस्टरला असतीलच असं नाही. कुठला कोर्स कुठं आणि कधी, हे पाहून चारही सेमिस्टरचा तक्ता तिनं आजच करावा. वेळ वाचवायचाच असेल तर उन्हाळ्यात एखादा कोर्स घ्यावा. जीपीए ३.७ वरून ३.३ वर आला, तर लवकर बाहेर पडून जाणार कुठं?

तिच्या बाबांची घाई मला कळत नाही असं नाही. ट्रान्सफरचं स्वप्न घेऊन येणारी बरीच मुलं मध्येच गळतात. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांशच पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जातात आणि सहा वर्षांत बॅचलर पदवीपर्यंत पोचणारे साधारण सहात एक. यामागे पैसा, नोकरी, घरच्या जबाबदाऱ्या ही मोठी कारणं आहेत. पण एक कारण असंही आहे, की कॉलेजात कोणाशीच बांधलेली नसलेली मुलं एखादं सेमिस्टर बिघडलं की मुकाट्यानं येणं थांबवतात आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही. तुमची मुलगी आली नाही, तर क्लबमधलं कोणीतरी फोन करील. सुरक्षितता म्हणाल तर हीसुद्धा एक सुरक्षितताच आहे.

क्रेडिट वाया जाण्याचा धोका मात्र खरा आहे आणि तुमची काळजी तिकडे वळायला हवी. २०१७ च्या एका सरकारी अहवालानुसार कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट बुडाली होती. हा आकडा सर्व प्रकारच्या बदलांचा आहे. कम्युनिटी कॉलेजातून सरकारी विद्यापीठात जाताना नुकसान कमी होतं, आणि व्हर्जिनियात याबाबत व्यवस्था बरी आहे. राज्यातल्या २३ कम्युनिटी कॉलेजांचे अनेक विद्यापीठांशी हमी प्रवेशाचे करार आहेत. ट्रान्सफर व्हर्जिनियाच्या संकेतस्थळावर कुठला कोर्स कुठं कशाच्या बदली धरला जातो ते पाहता येतं. पण करार बारकाईनं वाचायला हवा. विद्यापीठात हमी मिळाली म्हणजे हव्या त्या मेजरमध्ये (मुख्य विषयात) मिळाली असं नसतं. काही करारांत इरादापत्र बरंच आधी द्यावं लागतं. ठरावीक ग्रेडच्या खालचा कोर्स धरला जात नाही. तिनं येत्या दोन आठवड्यांत ट्रान्सफर समुपदेशकाची वेळ घ्यावी, मनातल्या तीन विद्यापीठांची नावं घेऊन जावं आणि बायॉलॉजीसाठी प्रत्येकाची अट लिहून आणावी.

‘एवढीशी शाखा’ हा शब्द पत्रात आलाय, म्हणून त्यावरही लिहिते. आयलीन कॉलिन्स न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजात शिकल्या. १९७६ मध्ये तिथून असोसिएट पदवी घेतली, मग सिरॅक्यूज विद्यापीठात गेल्या. १९९९ मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलचं नेतृत्व करणाऱ्या त्या पहिल्या महिला झाल्या, आणि त्याच मोहिमेत सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची चंद्रा दुर्बीण अवकाशात सोडली गेली. आणि तुमच्याच भागातल्या नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजात जिल बायडेन फर्स्ट लेडी असतानाही इंग्रजी शिकवत होत्या. सगळ्याच मुलांना आकाश गाठायचंय असं मी म्हणत नाही. पण मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारलं, की मुलगी कुठं असते, तर आवाज खाली आणू नका. तुमचा खाली गेलेला आवाज तिला ऐकू येतो.

पैशाचा प्रश्न पुढे येणारच आहे, म्हणून जॅक केंट कुक फाउंडेशनची ट्रान्सफर शिष्यवृत्ती आताच नोंदवून ठेवा. कम्युनिटी कॉलेजातून बॅचलर पदवीला जाणाऱ्यांना ती वर्षाला ५५ हजार डॉलरपर्यंत मदत देते. स्पर्धा प्रचंड असते, घरचं उत्पन्न पाहिलं जातं, आणि निबंध व शिफारसपत्रांवर मोठा भर असतो. मिळेलच असं नाही, पण तिची तयारी करताना बाकीचे अर्जही तयार होतात.

आणि एक काम आजच्या आज: झालेल्या प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवायला तिला सांगा. नव्या विद्यापीठानं एखादं क्रेडिट नाकारलं, तर फेरविचाराच्या अर्जाला बहुतेक ठिकाणी तोच जोडावा लागतो, आणि सेमिस्टर संपल्यावर जुनी पानं पोर्टलवर सापडतीलच याची खात्री नसते.