एकच दरी, चारही ऋतूंत

प्रिय मुली,

तू पाठवलेली यादी नीट वाचली. एडिनबरा, बाथ, स्टोनहेंज, लेक डिस्ट्रिक्ट, स्काय बेट. वॉर्डातल्या रात्रपाळ्यांतून उरलेल्या सुट्टीत हे सगळं बसवायला तू किती खटपट केली आहेस ते दिसतंय. जमेल तेवढं बघच. पण मिडल्सब्रोला आल्यापासून तू दर फोनवर म्हणतेस की इथलं काहीच आपलं वाटत नाही. त्यावर ही यादी कामाची नाही. दोन दिवसांत पाच ठिकाणं पाहून आलीस तर फोटो भरपूर मिळतील, ओळख एकाही जागेची होणार नाही.

म्हणून सांगते, जवळची एक लहानशी जागा निवड आणि वर्षभर तिथेच जात राहा. माझ्या मते तुझ्यासाठी ती जागा फॉलिंग फॉस आहे. व्हिटबीच्या दक्षिणेला साधारण 8 किलोमीटरवर, नॉर्थ यॉर्क मूर्स राष्ट्रीय उद्यानात, दाट झाडीत एक धबधबा आहे. त्याच्या अगदी डोक्यावर, ओढ्याच्या काठी एक जुनं दगडी घर आहे. पूर्वी तिथे शिकारीच्या रानाचा राखणदार राहायचा. आता त्याच घरातून चहा, स्कोन (लहान, गोडसर पावासारखा प्रकार) आणि केक मिळतात, आणि बसायचं ते बाहेर, झाडांखाली मांडलेल्या टेबलांवर. असल्या जागेला इथे टी गार्डन म्हणतात. ही या देशाची जुनी आवड आहे. अठराव्या शतकात लंडनकर संध्याकाळी रॅनलासारख्या बागांमध्ये चहा प्यायला जमायचे. केंब्रिजजवळ ग्रँटचेस्टरला 1897 मध्ये काही विद्यार्थ्यांनी आम्हाला फळबागेत झाडाखालीच चहा द्या अशी गळ घातली, आणि ती बाग आजही चालू आहे.

आधी एक सांगून ठेवते, म्हणजे तुझी निराशा होणार नाही. धबधबा लहान आहे, जेमतेम 9 मीटर. आंबोली आणि ठोसेघर पाहिलेली मुलगी तू. आपल्याकडे धबधबा म्हणजे आषाढ-श्रावण, धुकं, भिजलेली गर्दी, कणसं आणि भजी, आणि दिवाळीनंतर काळा कोरडा कडा. इथे पाऊस बाराही महिन्यांत थोडा थोडा वाटलेला असतो, त्यामुळे हे पाणी जानेवारीतही पडतं आणि जूनमध्येही, कधी जोरात तर कधी नुसतं झिरपत. वर कठीण वालुकाश्माचा थर आणि त्याखाली मऊ खडक. मऊ खडक झिजत जातो, वरचा पुढे आलेला राहतो, आणि पाणी भिंतीला न चिकटता सुटं खाली येतं. पहिल्या भेटीत तुला हे एवढंच दिसेल, आणि पंधरा मिनिटांत बघून झालं असं वाटेल. तशा वेळी उठू नकोस.

जाण्याची रीत महत्त्वाची आहे. गाडीवाल्या मैत्रिणी मे बेकच्या वाहनतळापर्यंत नेतील, तिथून ओढ्याकाठाने थोडंच चालायचं असतं. पहिल्या खेपेला तसं करू नकोस. मिडल्सब्रोहून व्हिटबीला जाणारी एस्क खोऱ्यातली आगगाडी घे. दिवसाला मोजक्याच गाड्या असतात, तेव्हा परतीची वेळ आधीच लिहून ठेव. स्लाइट्सला उतरून लिटलबेक गावापर्यंत चालत जा आणि तिथून ओढ्याच्या उलट दिशेने रानात शीर. हा ओढा वर मे बेक, मधे लिटल बेक आणि खाली आयबर्नडेल बेक अशी नावं घेत स्लाइट्सजवळ एस्क नदीला मिळतो. एस्क पुढे व्हिटबीला उत्तर समुद्रात जाते. म्हणजे ज्या पाण्याच्या काठी बसून तू चहा पिशील, त्याच पाण्याच्या सोबतीने तुझी गाडी व्हिटबीकडे गेलेली असेल. गाडीने थेट दारात उतरणाऱ्याला हे कळत नाही. जी जागा आपली व्हावी असं वाटतं, तिचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे आपल्याला माहीत असावं.

लिटलबेकच्या रानात वाटेवर भुसभुशीत, करड्या-तांबूस मातीचे उंचवटे दिसतील. तिथे थांब. ते निसर्गाने घातलेले नाहीत, तुरटीच्या कारखान्यांचा गाळसाळ आहे. आजीच्या घरी माठात फिरवायचो ती तुरटी. कापडावर रंग पक्का बसायला तुरटी लागायची, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून 1871 पर्यंत या किनारपट्टीने ती इंग्लंडला पुरवली. डोंगर फोडून काढलेल्या खडकाचे ढीग महिनोन्‌महिने जळत ठेवायचे, मग ती राख पाण्यात भिजवून अर्क काढायचा, आणि त्यात समुद्री शेवाळाची राख नाहीतर माणसाचं मूत्र घालायचं. तेव्हा कुठे तुरटीचे खडे धरायचे. शहरांतून पिंपंच्या पिंपं मूत्र जहाजाने इथे यायचं. आज ज्या रानात पक्ष्यांशिवाय आवाज नाही, तिथे धूर, दुर्गंधी आणि मजुरांची वर्दळ होती. परक्या देशातलं हिरवं रान बघून आपण समजतो की ते असंच होतं. ते कष्टाचं रान होतं, हे कळलं की तिथल्या माणसांबद्दल वाटणारी भीड जरा कमी होते. पोटासाठी कुठेतरी जाऊन राबणारी माणसं तिथेही होती.

पुढे चढावर एक प्रचंड शिळा लागेल, आतून पोखरून खोली केलेली. तिला हर्मिटेज म्हणतात. दारावर जी. सी. ही अक्षरं आणि 1790 हे साल कोरलंय, आत भिंतीलगत दगडाचाच बाक आहे. जॉर्ज चब नावाच्या शाळामास्तरांनी एका बेकार खलाशाला काम मिळावं म्हणून ती कोरून घेतली, असं तिथे सांगतात. आत बसून बाहेरचा पाऊस ऐकायला फार छान वाटतं.

मग रान उघडतं आणि पाण्याचा आवाज येतो. कठड्यापाशी उभं राहून धबधबा बघ. खाली उतरायचा मोह होईल, पण वाट तीव्र उताराची आहे, आणि शेवाळलेल्या दगडांवर भले भले घसरतात. एकटी असशील तर मुळीच उतरू नकोस. रानात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. म्हणून निघताना मैत्रिणीला वाट सांगून ठेव, पायात घोट्यापर्यंतचे बूट घाल आणि जवळ थोडी रोख ठेव. उन्हाळ्यात उंच गवतातून आलीस की पायांवर गोचीड नाही ना ते घरी जाऊन तपास.

आता चहाचं. इथे आपल्यासारखा आलं-गवती चहा घालून उकळलेला चहा मिळणार नाही, आणि मिळावा अशी अपेक्षाही करू नकोस. किटली टेबलावर येईल, दूध वेगळं. चार मिनिटं मुरू दे, मग ओत. तोवर इकडेतिकडे बघ. चहा गरम असताना एक स्कोन घे, त्यावर जॅम आणि घट्ट साय. आधी जॅम की आधी साय यावर डेव्हन आणि कॉर्नवॉलचे लोक भांडत असतात. तू यॉर्कशरमध्ये आहेस, तुला मोकळीक आहे. आल्याचा पार्किन केक दिसला तर सोडू नकोस, तो याच भागाचा.

त्या कपात तुझ्या ओळखीचं बरंच काही आहे. इथून काही मैलांवर रॉबिन हूड्स बे हे समुद्राकाठचं गाव आहे. अठराव्या शतकात तिथे चोरटा माल उतरायचा, ब्रँडी, जिन, तंबाखू आणि चहासुद्धा. चहावर तेव्हा 119 टक्के कर होता. 1784 मध्ये सरकारने तो साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चोरट्या चहातला नफाच संपला. त्यानंतर सहाच वर्षांनी ती शिळा कोरली गेली. पुढे आसामात चहाची झाडं असल्याचं इंग्रजांना कळलं, आणि जानेवारी 1839 मध्ये आसामचा चहा पहिल्यांदा लंडनच्या लिलावात विकला गेला. तो पिकवायला कोणाकोणाला घरदार सोडून मळ्यांवर यावं लागलं, हे तू शाळेत फारसं शिकली नसशील. सवडीने वाच. यॉर्कशरच्या रानात बसून चहा पिणारी तू पाहुणी आहेस खरी, पण या पेयाच्या इतिहासात तुझ्या देशातल्या माणसांचे हात आहेत. तिथे अंग चोरून बसायचं काहीच कारण नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळ. बागेच्या टेबलावर आपला डबा उघडू नकोस. आपल्याला सवय असते, थेपले-चटणी घेऊन निघायचं आणि जागा मिळेल तिथे पंगत मांडायची. ही बाग वर्षातले काही महिनेच चालते, तीही हवा बरी असेल तेव्हा. त्या कमाईवर तिचं वर्ष निघतं. टेबल त्यांचं, तर चहाही त्यांचाच घ्यावा. डबा हर्मिटेजच्या बाकावर बसून खा आणि कचरा परत घेऊन ये. निघण्याआधी बाग उघडी आहे ना, याची खात्री करून घे.

शेजारच्या टेबलावर पाठीवर मोठ्या पिशव्या आणि चिखलाने माखलेले बूट घातलेली माणसं दिसली, तर त्यांच्याशी बोल. कदाचित ती देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सेंट बीजहून चालत आलेली असतील. आल्फ्रेड वेनराइट या गृहस्थांनी 1973 मध्ये आयरिश समुद्रापासून उत्तर समुद्रापर्यंत सुमारे 300 किलोमीटरची पायवाट आखून प्रसिद्ध केली, आणि ती याच रानातून जाते. त्या किनाऱ्यावर खिशात टाकलेला खडा ते रॉबिन हूड्स बेला समुद्रात टाकतात. फॉलिंग फॉसला पोचतात तेव्हा त्यांचा बहुधा शेवटचा दिवस असतो. पाय दुखत असतात आणि संपणार म्हणून वाईटही वाटत असतं. अशा वेळी इंग्रज माणूससुद्धा अनोळखी माणसाशी मोकळा बोलतो. कामाच्या ठिकाणी कोणी बोलत नाही म्हणतेस ना, इथे बोलतील. पंढरीच्या वाटेवर कोणी कोणाचं गाव-घराणं विचारून मग बोलत नाही, तसंच.

आणि वारीवरूनच सांगायचं तर, आपल्या वारकऱ्याला कोणी विचारत नाही की गेल्या वर्षी पंढरपूर बघितलंस ना, मग या वर्षी पुन्हा कशाला. तू परत जा. एप्रिलअखेरीस गेलीस तर रानात जंगली लसणाचा वास भरलेला असेल आणि पांढरी फुलं आलेली असतील. मेमध्ये झाडांखाली निळ्या ब्लूबेल फुलतात. त्यांच्यात पाय घालू नकोस, तुडवलेली झाडं सावरायला वर्षं लागतात. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानरोप उपटणं 1981 च्या कायद्याने गुन्हा आहे. लसणाची पानंही तोडू नकोस, तशाच पानांची विषारी रोपं त्यांच्याच शेजारी वाढतात. उन्हाळ्यात बाग गजबजलेली असेल, मुलं ओढ्यात दगडांचे बांध घालत असतील. तेव्हा सकाळी लवकर जा. ऑक्टोबरात पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवसांत गेलीस तर धबधब्याचा खरा जोर दिसेल. थंडीत बाग बंद असेल, टेबलं आत गेलेली असतील. तेव्हाही जा. थर्मासमध्ये आपला आल्याचा चहा ने, तेव्हा त्याला कोणाची हरकत नाही. पानं गळल्यामुळे दरीचा आकार तेव्हाच नीट कळतो. फक्त डिसेंबरात इथे पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दोन वाजले की परतीची वाट धर.

ओढ्यात एक पक्षी शोध. गुबगुबीत, तपकिरी, छातीवर पांढरा पट्टा, दगडावर उभा राहून सारखा उठाबशा काढणारा. त्याचं नाव डिपर. तो पाण्यात बुडी मारून तळावर चालतो आणि दगडांखालच्या अळ्या खातो, भर थंडीतसुद्धा. पहिल्या भेटीत दिसणार नाही. ओढ्याच्या एकाच वळणावर बराच वेळ बसणाऱ्यालाच तो दिसतो. दिसला की मला तारीख आणि जागा कळव, पुलाच्या वर की खाली तेही. माझ्या वहीत मी या दरीतल्या अशा नोंदी ठेवत आले आहे. आता गुडघ्यांमुळे स्लाइट्सपासून चालत जाणं मला होत नाही, तेव्हा पुढच्या नोंदी तू कर. वही तुझ्या पत्त्यावर पाठवते आहे. मागची बरीच पानं कोरी आहेत.

एप्रिलच्या रजेतले दोन दिवस बाथऐवजी यासाठी ठेव. गाडीचं वेळापत्रक बघून मला फोन कर, लिटलबेकपर्यंतची वाट मी नकाशावर सांगते.

तुझी,
काकू