इंजिनीअर मुलीच्या हाती स्क्रूड्रायव्हर

प्रश्न : माझी मुलगी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअर आहे. प्रोग्रामिंगमध्ये तिला नेहमी चांगले गुण असायचे. स्वयंचलित यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने तिला मोशन कंट्रोलच्या, म्हणजे यंत्राच्या हालचाली नियंत्रित करण्याच्या, कामासाठी निवडलं आहे, पण पहिले आठ महिने पॅनेल वायरिंगला (यंत्राच्या विजेच्या कपाटातल्या वायरी जोडायला) बसावं लागेल, प्रोग्रामिंग त्यानंतर, असं सांगितलं आहे. वायरमनचं काम करायला चार वर्षं शिकवलं का? शिवाय विजेचा धोका आहेच. ही नोकरी नाकारून तिने सॉफ्टवेअरकडे वळावं का? (एक वडील)

उत्तर :

नमस्कार. नोकरी नाकारायला सांगू नका. पहिल्याच दिवशी हातात लॅपटॉप देऊन 'चल, यंत्र हलव' म्हणणारी कंपनी असती, तर मी तुम्हाला सावध केलं असतं.

मार्गदर्शनाकडे वळण्याआधी बरीच वर्षं मी यंत्रं चालू करून देण्याचं, म्हणजे कमिशनिंगचं काम केलं. तेव्हाच्या एका यंत्रात उभा ॲक्सिस, म्हणजे वर-खाली हलणारा भाग होता. सर्व्हो मोटर (सांगितलेल्या जागी नेमकी जाऊन थांबणारी मोटर) एक जड हेड वर-खाली सरकवायची. सर्व्हो बंद केला की दर वेळी हेड दोन-तीन मिलिमीटर घसरायचं आणि मगच ब्रेक धरायचा. मी वायरमनकडे बोट दाखवलं. त्याने एकेक टर्मिनल आवळलं, मीटरचा बझर वाजवून दाखवला आणि माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. मी प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. दीड दिवस गेला. वायरिंग ड्रॉइंगबरहुकूम होतं आणि प्रोग्रामही बरोबर होता!

घोळ दोघांच्या मधल्या जागेत होता. ब्रेकची वायर पीएलसीच्या (यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या) आउटपुटवरून रिलेमार्गे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधून, जात होती. सर्व्हो बंद करण्याचा आदेश मिळताच ड्राइव्ह (मोटरला वीज पुरवून चालवणारं उपकरण) मोटरचा जोर लगेच काढून घ्यायचा. ब्रेकच्या आदेशाला मात्र रिले सुटायला वेळ, मग ब्रेकच्या स्प्रिंगने चकती आवळायला आणखी काही मिलिसेकंद. तेवढ्यात हेड खाली. शेवटी ब्रेकचा रिले ड्राइव्हच्या स्वतःच्या ब्रेक आउटपुटवर घेतला आणि पॅरामीटरमध्ये 'ब्रेक लागेपर्यंत मोटरचा जोर सोडू नकोस' असा विलंब भरला. एक वायर हलली, एक आकडा बदलला. टर्मिनल पट्टीच्या दोन्ही बाजू, म्हणजे वायरिंग आणि प्रोग्राम, दिसणारा एक जण तिथे असता तर दहा मिनिटांचं काम होतं. तुमच्या मुलीला कंपनी तेच बनवू पाहते आहे, असा माझा अंदाज आहे.

आता तुमच्या मनातल्या 'खऱ्या' प्रोग्रामिंगबद्दल. मोशन कंट्रोलचा प्रोग्राम वाचायला फार अवघड नसतो. ॲक्सिसला पॉवर दे, होमिंग कर (शून्याची जागा शोध), अमुक ठिकाणी जा, थांब. यासाठी पीएलसीओपन या संस्थेने ठरवलेले फंक्शन ब्लॉक, म्हणजे तयार आज्ञा, बहुतेक बड्या कंपन्यांच्या कंट्रोलरमध्ये जवळपास त्याच नावांनी सापडतात : एमसी पॉवर, एमसी होम, एमसी मूव्ह ॲब्सोल्यूट. पीएलसीच्या भाषांचं आयईसी ६११३१-३ हे मानक तर १९९३ पासून आहे. लॅडर आणि स्ट्रक्चर्ड टेक्स्ट या दोन भाषा नीट आल्या की ब्रँड बदलला तरी माणूस अडत नाही.

अडतो तो आकड्यांचा प्रत्यक्ष अर्थ न कळल्यामुळे. समजा टेबल ३०० मिलिमीटर सरकवायचं आहे. बॉलस्क्रूच्या (टेबल सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या) एका फेऱ्यात टेबल १० मिलिमीटर सरकतं, म्हणजे ३० फेरे. एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारं उपकरण) १७ बिटचा असेल तर एका फेऱ्यात १,३१,०७२ काउंट, तीस फेऱ्यांचे ३९,३२,१६०. कंट्रोलरला फक्त हे काउंट कळतात, मिलिमीटर कळत नाहीत. कुणी १० च्या जागी ५ भरलं, तर प्रोग्राम एकही चूक न दाखवता कंपाइल होतो आणि टेबल ६०० मिलिमीटर जायला निघतं. स्क्रीनवर मात्र ३००च दिसत राहतं. ज्याने कपलिंगवर (मोटर आणि स्क्रूच्या सांध्यावर) मार्करने खूण करून, हळू जॉग देऊन (बटण दाबून थोडंथोडं हलवून), टेबल खरंच किती सरकलं ते पट्टीने मोजलेलं असतं, तो ही चूक पहिल्या पाच मिनिटांत पकडतो.

अशा वेळी टेबलाला वाचवतो तो टोकाचा लिमिट स्विच. तो एनसी, म्हणजे दाबलेला नसताना जोडलेला असा घेतात. वायर तुटली तरी कंट्रोलरला स्विच दाबल्यासारखंच दिसतं आणि यंत्र थांबतं. नवख्या प्रोग्रामरला हे उलटं वाटतं; स्विच मोकळा असताना इनपुट १ कसा, म्हणून तो स्विच बदलून एनओ, म्हणजे दाबल्यावरच जोडला जाणारा, करून घेतो. वरवर सगळं 'सरळ' दिसतं, फक्त आता वायर तुटली तर ते कळत नाही, आणि मग स्विच दाबला गेला तरी यंत्र थांबत नाही. स्वतः त्या स्विचला दोन वायरी जोडलेली मुलगी असं सहसा करणार नाही.

धोक्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे, आणि त्यावर गोड बोलणार नाही. ४०० व्होल्टच्या थ्री-फेज ड्राइव्हच्या आत रेक्टिफायरनंतर (एसीचा डीसी करणाऱ्या भागानंतर) सुमारे ५६५ व्होल्ट डीसी असतो. मेन बंद केला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हवर छापलेलं असतं. तेवढं थांबायचं आणि तरीही मीटर लावून बघायचं. दुसरं म्हणजे एसटीओ, अर्थात सेफ टॉर्क ऑफ. याने मोटरचा जोर जातो, पण टर्मिनलवरची वीज जात नाही आणि उभ्या ॲक्सिसवरचं वजनही धरलं जात नाही. 'एसटीओ दिलाय, हात घाल' असं म्हणणारा कुणी भेटला तर हात घालायचा नाही, मग तो कितीही वरिष्ठ असो.

आणि हो, हा धोका फक्त वायरिंगच्या आठ महिन्यांपुरता नाही. लॅपटॉपवर बसलेला माणूस एका क्लिकने दुसऱ्याच्या हाताजवळची मोटर फिरवू शकतो. पॅनेलमध्ये हात घालून काम केलेल्याला याची जाणीव जास्त असते.

सॉफ्टवेअरशी तुलना करायचीच तर या कामाचे तोटेही ऐका. कमिशनिंगला बाहेर राहावं लागतं. यंत्र द्यायची तारीख ठरलेली असते, उशीर आधीच्या लोकांनी केलेला असतो आणि तो शेवटी तुमच्या मुलीच्या झोपेतून वसूल होतो. घरून काम वगैरे विसरा. ज्याला रोज ठरावीक वेळी घरी परतायचं आहे, त्याला मी हे क्षेत्र सुचवत नाही.

या आठ महिन्यांत नुसत्या वायरींच्या टोकांना लग (धातूची टोकं) मारून वेळ जाऊ नये, यासाठी मात्र तिने स्वतः काही करायला हवं. जोडलेली प्रत्येक वायर प्रोग्राममध्ये कोणत्या पत्त्यावर जाते, ते ड्रॉइंगवर पेन्सिलीने लिहावं. एन्कोडरची केबल मोटरच्या पॉवर केबलपासून लांब का न्यायची, शिल्ड (केबलवरची धातूची जाळी) पिळून एका टोकाला बांधण्याऐवजी क्लॅम्पखाली गोल का दाबायची, हे वायरमनला विचारावं. जुने वायरमन सांगतात, फक्त चहाच्या सुट्टीत विचारावं लागतं. संध्याकाळी कोडसिस हे पीएलसी प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर संगणकावर मोफत उतरवून सिम्युलेशनमध्ये छोटे प्रोग्राम लिहीत राहावं, म्हणजे प्रोग्रामिंगची सवय मोडणार नाही.

रुजू होण्याआधी कंपनीला तिने एवढं विचारावं : मी वायरिंग केलेलं पॅनेल चालू होताना मला तिथे उभं राहायला मिळेल का? बाहेरच्या कमिशनिंगला पहिल्यांदा कोणाबरोबर पाठवणार? मेन बंद करून कुलूप लावायची पद्धत आहे का, आणि किल्ली कोणाकडे असते? पहिल्या प्रश्नाला 'नाही' आलं तर माझं मत बदलेल, कारण मग तुमची शंका खरी ठरते आणि ते निव्वळ मनुष्यबळ म्हणून घेत आहेत. वर्षभरानंतरही प्रोग्रामला हात लागला नसेल तर तिने खुशाल दुसरीकडे बघावं. वायरिंग येणारी प्रोग्रामर म्हणून तोवर तिची किंमत वाढलेलीच असेल.

एक गोष्ट राहिली. तुमच्या पत्रात तिचे गुण आहेत, तुमची काळजी आहे, पण तिला स्वतःला काय वाटतं ते कुठेच नाही. मुलाखतीच्या दिवशी त्यांनी तिला कारखाना दाखवला असेल. चालतं यंत्र बघून आल्यावर ती घरी काय बोलली, ते तिला विचारा आणि पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.