बंद पडलेल्या कारखान्यातल्या घातक कचऱ्याचे नमुने कसे घ्यावेत? कुठलं पिंप आधी उघडावं?

तुम्ही लिहिलंय की जागेची पाहणी तुमच्याकडे आली आहे, शेडमध्ये जुनी पिंपं रचून ठेवली आहेत, निम्म्यांवर लेबलं नाहीत आणि साहेबांना पहिल्याच दिवशी नमुने हवे आहेत. मी अशाच जागांच्या तपासणीचं काम करतो, म्हणून स्पष्ट सांगतो: पहिल्या दिवशी एकही पिंप उघडू नका. साहेबांना हे पटवणं हा तुमच्या कामाचाच भाग आहे, कारण बूच फिरवणारा हात त्यांचा नसतो.

सुरुवात कागदांपासून करा. कच्च्या मालाची खरेदी, सांडपाण्याची परवानगी, जुना नकाशा, जे मिळेल ते गोळा करा. कारखान्यात काय बनत होतं हे कळलं की भीती कशाची बाळगायची हे कळतं. इलेक्ट्रोप्लेटिंग असेल तर सायनाइड आणि क्रोमियम, चामडं कमावत असतील तर क्रोमियम आणि सल्फाइड. जुना पहारेकरी किंवा कामगार भेटला तर त्याच्यासोबत निवांत बसा. कुठल्या खड्ड्यात काय ओतायचे, हे कुठल्याच रजिस्टरात नसतं, त्याला मात्र ते पाठ असतं. लेबलावर पूर्ण विश्वास नको. पिंपं पुन्हा पुन्हा वापरली जातात, त्यामुळे वर सॉल्व्हंटचं नाव आणि आत आम्लाचा गाळ असं सर्रास आढळतं.

मग नुसतं बघा, लांबून. फुगलेलं पिंप म्हणजे आत दाब. आत ओढलं गेलेलं पिंप म्हणजे निर्वात, तेही उघडताना दगा देतं. प्लास्टिकचं किंवा प्लास्टिकचं अस्तर असलेलं पिंप असेल तर तीव्र आम्ल किंवा अल्कली धरून चाला. निकेल किंवा स्टेनलेस स्टीलसारख्या महागड्या धातूचं पिंप दिसलं तर जास्तच सावध व्हा, उगाच कोणी त्यावर पैसे घालत नाही. बुचाभोवती स्फटिक जमलेले दिसले तर त्याला हात लावू नका, हलवूही नका.

स्फटिकांवरून आठवलं, कारखान्याची प्रयोगशाळा विसरू नका. लोक शेडमधल्या मोठ्या पिंपांना घाबरतात आणि कपाटातली बाटली सहज उचलतात. पिक्रिक आम्ल ओलं ठेवलेलं असतं. वर्षानुवर्षं पडून सुकलं की धक्क्याने किंवा घर्षणाने फुटू शकतं. जुन्या इथरमध्ये पेरॉक्साइड तयार होतात आणि झाकणाच्या आट्यांत बसतात, त्यामुळे झाकण फिरवणंच घातक ठरतं. अशी बाटली दिसली की फोटो घ्या, खोली बंद करा आणि स्फोटक हाताळणाऱ्या तज्ज्ञांना बोलवा. त्या बाटलीचा नमुना घेणं तुमचं काम नाही.

आता मीटर. आत शिरताना आधी ऑक्सिजन बघा, नेहमीच्या हवेत तो २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला तर बाहेरून हवा पुरवणाऱ्या साधनाशिवाय पाऊल टाकायचं नाही. गाळणीचा मास्क तिथे कामाचा नाही. ज्वलनशील वायूचं मीटर त्यानंतर, कारण त्याच्या नेहमीच्या सेन्सरला चालायलाच ऑक्सिजन लागतो आणि तो कमी असेल तर आकडा खोटा कमी येतो. पीआयडी, म्हणजे अतिनील दिव्याने हवेतल्या वाफा मोजणारं मीटर, सॉल्व्हंटच्या वाफा छान दाखवतो, पण त्याच्या नेहमीच्या १०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दिव्याला मिथेन किंवा हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू दिसत नाही. म्हणजे पीआयडीवर शून्य आलं तरी हवा स्वच्छ आहे असं समजू नका. नाकावर तर मुळीच विसंबू नका: हायड्रोजन सल्फाइड वाढला की वास घेण्याची शक्तीच मारतो, आणि खड्डे, गटारं, टाक्या याच त्याच्या जागा.

किरणोत्सार मोजणारं मीटरही न्या, कारखाना साधा वाटला तरी. टाकीतली पातळी किंवा पत्र्याची जाडी मोजायच्या काही यंत्रांत सीझियम-१३७ सारखे किरणोत्सारी स्रोत असतात. ब्राझीलमधल्या गोइयानियात १९८७ साली ओस पडलेल्या रेडिओथेरपी दवाखान्यातून भंगार म्हणून उचललेल्या यंत्रात तेच होतं. चार माणसं गेली आणि २४९ जणांमध्ये किरणोत्सारी अंश सापडला. बेवारस जागेत कोण कधी शिरेल याचा नेम नसतो, म्हणून पाहणीच्या पहिल्या दिवशीच कुंपण आणि कुलूप यांची व्यवस्था करायला लावा.

एवढं झालं की मग पिंप. पहिलं कुठलं, हे तुम्ही विचारलंत. गळणारी आणि लोकांच्या किंवा पाण्याच्या जवळची आधी हाताळावी लागतात, कारण ती वाट पाहत नाहीत. बाकीच्यांत शाबूत, न फुगलेली, ओळख पटण्याजोगी आधी घ्या. फुगलेल्यांना दुरून चालणारं साधन लागतं. उघडण्याआधी अंग धुण्याची आणि कपडे उतरवण्याची जागा तयार हवी, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे. दोघं आत, किमान एक पूर्ण तयारीत बाहेर. ठिणगी न पडणारी हत्यारं, पिंपाला अर्थिंग, आणि बूच अगदी हळू.

द्रवाचे थर असतात: वर तेल, मध्ये पाणी, तळाला गाळ. वरून मगभर काढलेला नमुना त्या पिंपाबद्दल खोटंच सांगेल. लांब काचेची नळी सावकाश खाली सोडा, म्हणजे नळीतली पातळी बाहेरच्या पातळीइतकीच राहते. तळ लागला की वरचं तोंड बंद करा आणि उचला, पूर्ण स्तंभ हाती येतो. प्रत्येक पिंपाला नवी नळी. पावडरीच्या ढिगाचंही तसंच: पृष्ठभाग पावसाने धुतलेला असतो, म्हणून आतून आणि वेगवेगळ्या जागांहून घ्या.

जागेवरच छोट्या चाचण्या करा: पीएच, ऑक्सिडायझर (दुसऱ्या पदार्थाला पेटायला मदत करणारा माल), सायनाइड, सल्फाइड, थेंबभर माल पाण्यात टाकल्यावर काय होतं ते. त्यावरून गट पाडा. पिंपांचे नमुने एकत्र करायचे ते गट पडल्यावर आणि सुसंगतता, म्हणजे ते एकमेकांत मिसळले तर धोका नाही ना, हे तपासल्यावरच. सायनाइडचा माल आम्लात मिसळला तर हायड्रोजन सायनाइड सुटतो, आणि तो बाटलीतही सुटतो.

कुठल्या चाचण्या लागतील हे प्रयोगशाळेशी आधीच बोला, कारण बाटली त्यावर ठरते. सेंद्रिय पदार्थांना काच, सहज उडणाऱ्यांना काठोकाठ भरलेली लहान काचेची कुपी, आत बुडबुडा नको. जमिनीखालच्या पाण्यात सहासंयुजी क्रोमियम (क्रोमियमचा जास्त विषारी प्रकार) बघायचा असेल तर नेहमीच्या पद्धतीत चोवीस तासांची मुदत असते, म्हणून तो नमुना शुक्रवारी संध्याकाळी घेऊन उपयोग नाही. मातीत डागांखालचा नमुना घ्याच, पण कारखान्याचा स्पर्श नसलेल्या जागेचाही घ्या, नाहीतर आलेला आकडा जास्त की कमी हे सांगता येणार नाही.

प्रत्येक पिंपाला रंगाने क्रमांक, त्याच क्रमांकाची बाटली, फोटो, वेळ, मीटरचा आकडा आणि हाताळणाऱ्याची सही त्याच वेळी लिहा. बाटली मोहोरबंद करा आणि कोणाकडून कोणाकडे गेली याची नोंद तुटू देऊ नका. पुढे जबाबदारी कोणाची यावर वाद होतोच, आणि तेव्हा ज्या नमुन्याची नोंद अर्धवट असते तोच सगळ्यात आधी बाद ठरतो.