आजीची मांडी आणि आंबोलीचा घाट

‘आम्ही पुण्यात राहतो. मुलगा पावणेदोन वर्षांचा. गणपतीला सावंतवाडीजवळच्या गावी गाडीने जायचंय. नवरा म्हणतो, रात्री अकराला निघू, बाळ झोपेल, उजाडता पोचू. सासूबाई म्हणतात, ती बाळाची कार सीट कशाला, मी घेते मांडीवर. मी काही बोलले की बाऊ करते म्हणतात. मागच्या खेपेला तो खंबाटकी घाटापासून रडत होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. जाऊच नये असं वाटतंय.’

अगं, जा. गणपतीला गेली नाहीस तर तो विषय दिवाळीपर्यंत पुरेल. पण त्यांच्या बेताप्रमाणे जाऊ नकोस.

मांडीचं आधी. ब्रेक जोरात लागला तर दहा-अकरा किलोचं मूल कुणाच्याच हातात राहत नाही, आजीच्या मायेतही नाही. सीट मागच्या बाकावर, बाळाचं तोंड मागच्या काचेकडे. हे घरात कसं सांगायचं? कायद्यावर ढकल. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. सुनेचं म्हणणं खोडून काढता येतं, कलम १९४ब शी कोण भांडणार! आणि सासूबाईंना सीटच्या शेजारची जागा दे. गाणी, गोष्टी, पाणी, सगळं त्यांच्याकडे. मांडी गेली तरी मान राहिला पाहिजे. सीट आजच घरात आणून ठेव, त्याला तिच्यात बसून खेळू दे, मग भाजी आणायला जाताना दहा मिनिटं बसव. थेट प्रवासाच्या दिवशी बांधलंस तर तो रडणारच, मीही रडले असते.

आता रात्रीचा बेत. बाळ झोपेल हे खरं. पण दिवसभर ऑफिस करून आलेल्या माणसाला पहाटे तीनला डुलकी लागते, आणि नेमकं पुढे आजरा ओलांडून आंबोलीचा घाट. भाद्रपदात तिथे भर दिवसा धुकं असतं. शिवाय पाचला उठून ताजातवाना झालेला मुलगा आणि दमून अर्धमेली झालेली तीन मोठी माणसं, असे तुम्ही गणपतीच्या घरात शिरणार. त्यापेक्षा पहाटे पाचला निघा, त्याला झोपेतच सीटमध्ये ठेवा. दर दीड-दोन तासांनी थांबा, आणि थांबा म्हणजे त्याला खाली सोडून पळू द्यायचं, तुम्ही चहा पिताना त्याला कडेवर धरून नाही. रजा मिळत असेल तर कोल्हापुरात मुक्काम करा, घाट दुसऱ्या दिवशी सकाळी उतरा. एका दिवसात पोचलात म्हणून कुणी शाल-श्रीफळ देत नाही.

खाणं थांबल्यावरच द्यायचं: केळं, इडली, दहीभात. शेंगदाणे, चणे, लाह्या नकोत, या वयात घशात अडकतात. घाटात मोबाइल दाखवू नका, मळमळ वाढते. उलटीचं औषध बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही, शेजारणीने कितीही छातीठोक सांगितलं तरी. थांब्यावर त्याला बंद गाडीत ‘दोनच मिनिटं’ ठेवून कुणी उतरायचं नाही.

तुझ्या पत्रातली ‘सगळे माझ्याकडे बघत होते’ ही ओळ मी दोनदा वाचली. रडतं बाळ ही एकट्या आईची ड्युटी असा कायदा मात्र कुठेच नाही. नवऱ्याशी निघायच्या आधी, घरी, शांतपणे ठरव: गाडी तो चालवेल, पण प्रत्येक थांब्यावर बाळ त्याच्याकडे आणि तू रिकाम्या हाताने शौचालयाला जाशील. आणि बाळ रडायला लागलं तर गाडी बाजूला घ्यायची, पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत ‘बघू’ नाही.

बाळाचे तीन जोड कपडे डिकीत नको, पायाशी ठेव. एक कुर्ता तुझाही. मी आमच्या लेकीला पहिल्यांदा एसटीने कोकणात नेलं तेव्हा हेच विसरले होते, आणि सासरच्या अंगणात ओवाळून घेताना माझ्या खांद्याला दह्याचा वास येत होता.