राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याची उद्दिष्टं काय आहेत? माझ्या सहावीतल्या मुलीच्या अभ्यासात त्यातलं काय दिसणार?

मी शाळेत शिकवतो, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त जवळचा. आधी पहिला सांगतो. २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय आराखड्यात पाच उद्दिष्टं आहेत: तर्कशुद्ध आणि स्वतंत्र विचार, आरोग्य, लोकशाही व समाजजीवनात सहभाग, आर्थिक सहभाग आणि सांस्कृतिक सहभाग. म्हणजे नोकरी-धंद्याची तयारी हे पाचातलं एक. आपण पालक-शिक्षक मात्र बहुतेक वेळा तेवढंच धरून बसतो.

हा आराखडा थेट वर्गात येत नाही. त्याच्या आधारे राज्य आपला अभ्यासक्रम आखतं, मग पुस्तकं, मग इयत्तावार अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं याची यादी. एवढ्या पायऱ्या उतरताना उद्दिष्टं पातळ होतात, आणि सगळ्यात जास्त होतात ती प्रश्नपत्रिकेत. नागरिकशास्त्रातला ग्रामपंचायतीचा धडा घ्या. सदस्य किमान ७ आणि कमाल १७, हे मुलं घडाघडा सांगतात. पण आपल्या गावच्या पंचायतीकडे पैसा कुठून येतो, यंदा पाण्यावर किती खर्च झाला, ग्रामसभेत कोण बोलतं आणि कोण गप्प राहतं, हे शोधून आणायला सांगितलं की वर्गाचा नूर पालटतो. घरी वाद होतात, आजोबा जुन्या ग्रामसभांच्या गोष्टी सांगतात. लोकशाहीतला सहभाग आणि स्वतंत्र विचार, दोन्ही उद्दिष्टं त्या एका गृहपाठात येतात. परीक्षेत मात्र पुन्हा ‘सरपंचाची कर्तव्ये लिहा’ आलं, तर पुढच्या वर्षी मुलं पाठांतरच करणार. त्यांचं काय चुकलं?

ही ओढाताण जुनी आहे. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्येच दप्तराच्या आणि माहितीच्या ओझ्याबद्दल बजावलं होतं. त्यांच्याच अध्यक्षतेखाली झालेल्या २००५ च्या आराखड्याने शाळेतलं ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडा, घोकंपट्टी सोडा आणि परीक्षा लवचीक करा, असं स्पष्ट म्हटलं. पहिल्या दोन गोष्टींवर प्रशिक्षणं भरपूर झाली. तिसरी मागे राहिली, आणि माझ्या मते गाडं तिथेच अडलंय.

म्हणून पालकसभेत टक्केवारीच्या आधी मुलीची संकलित चाचणीची (सत्राअखेरच्या परीक्षेची) प्रश्नपत्रिका मागून घ्या. पुस्तकात उत्तर तयार मिळणार नाही असे प्रश्न त्यात किती आहेत ते मोजा, आणि कमी असतील तर शिक्षकांशी त्याबद्दल बोला. पालकांनी हे विचारलं की वेगळे प्रश्न काढू पाहणाऱ्या शिक्षकालाही बळ मिळतं.