बेट निवडायचंय? आधी डोंगराची उंची विचारा

हिवाळा जवळ आला की कॅनरी बेटांबद्दलची पत्रं वाढतात. बेटं स्पेनची, पण जागा आफ्रिकेच्या कुशीत. सर्वांत जवळचं बेट आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जेमतेम शंभर किलोमीटरवर. जानेवारीतही किनाऱ्यावर दिवसा वीस अंशांच्या आसपास तापमान असतं, म्हणून युरोपातली आपली मंडळी थंडीला कंटाळली की तिकडे पळतात आणि इथून गेलेल्या आईबाबांनाही सोबत नेतात. वस्तीची बेटं आठ. सगळी ज्वालामुखीतून वर आलेली, पण एकमेकांची भावंडं वाटू नयेत इतकी वेगळी. (जाता जाता: बेटांना कॅनरी पक्ष्याचं नाव दिलेलं नाही, पक्ष्यालाच बेटांचं दिलंय.)

मुलगा म्युनिकला असतो. नाताळात आम्ही दोघं (वय ७२ आणि ६८), मुलगा-सून आणि आठ वर्षांची नात असे आठवडाभर जाणार आहोत. सून म्हणते तेनेरिफे, मुलगा म्हणतो लान्झारोते. ह्यांना रक्तदाब आहे. काय करावं? — एक वाचक, ठाणे

सूनबाईंचं ऐका. तीन पिढ्या एकत्र असतील तर तेनेरिफेच. त्याचं कारण म्हणजे बेटाच्या मधोमध उभा असलेला तेइदे. ३,७१५ मीटर, स्पेनमधलं सर्वांत उंच शिखर. या बेटांवर वर्षातला बराच काळ ईशान्येचे वारे वाहतात. ते ओलावा घेऊन येतात आणि ढग उत्तरेच्या उतारावर अडकतात. त्यामुळे उत्तर हिरवीगार आणि दक्षिण कोरडी ठणठणीत. महाबळेश्वर चिंब आणि फलटण कोरडं, तसलाच प्रकार, फक्त गाडीने तासाभरात इकडून तिकडे. सकाळी उत्तरेत स्वेटर घालून निघालेला माणूस दुपारी दक्षिणेत पाण्यात डुंबत असतो.

डिसेंबरात मुक्काम दक्षिणेला करा, लोस क्रिस्तियानोसच्या आसपास. समुद्राकाठचा फिरायचा रस्ता सपाट आहे, गुडघे कुरकुरत नाहीत. इथल्या समुद्रात पायलट व्हेल बाराही महिने असतात. नातीला बोटीतून दाखवा. उत्तरेतली ला लागुना आणि ला ओरोतावा ही जुनी गावं एका दिवसात पाहून परत येता येईल. बेटावर विमानतळ दोन आहेत. तिकीट काढताना दक्षिणेचाच आहे ना, हे मुलाला दोनदा तपासायला सांगा.

आता तेइदेबद्दल. केबल कार २,३५६ मीटरवरून निघते आणि आठेक मिनिटांत ३,५५५ मीटरवर नेऊन सोडते. सकाळी समुद्रसपाटीवर नाश्ता करून दुपारी इतक्या उंचीवर जाणं धडधाकट माणसालाही जड जातं. साहेबांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर जाऊ नका. आणि गेलं नाही म्हणून फार काही बुडत नाही. खालचे रोकेस दे गार्सियाचे सुळके गाडीतून उतरल्यावर समोरच दिसतात. मला विचाराल तर तेइदे तिथूनच जास्त देखणा दिसतो. वर बर्फ असू शकतं, वारा वाढला की केबल कार बंदही ठेवतात, तेव्हा तो बेत सहलीच्या शेवटच्या दिवसावर टाकू नका. अगदी शिखरावर चढायचं तर वेगळा परवाना लागतो, पण तो तुमचा विषय नाही.

आणखी एक. जमलं तर ५ जानेवारीपर्यंत थांबा. स्पेनमध्ये मुलांना भेटी सांता आणतो त्याहून जास्त तीन राजे आणतात, आणि त्यांची मिरवणूक त्या संध्याकाळी निघते.

आम्हाला फक्त समुद्रकिनारा हवाय. डोंगर, म्युझियम काही नको. एजंट लान्झारोते सुचवतोय. — एक जोडपं, स्लाव (इंग्लंड)

मग फुएर्तेव्हेंतुरा. इथे उंचीबरोबर बेटाचं वयही बघायचं. साखळीतली पूर्वेकडची बेटं म्हातारी, पश्चिमेची तरुण. फुएर्तेव्हेंतुरा सगळ्यांत जुनं, दोन कोटी वर्षांहून अधिक वयाचं. झिजून झिजून ते बुटकं झालं, सर्वांत उंच टोक आठशे मीटरच्या आसपास. ढग अडवायला काही उरलं नाही, म्हणून पाऊस नाही. आणि झिजायला भरपूर काळ मिळाला, म्हणून मैलोन् मैल पांढरी वाळू. उलट पश्चिमेच्या ला पाल्माला किनाऱ्यासाठी जाणारे लोक काळी वाळू आणि धडकणाऱ्या लाटा बघून हिरमुसतात. फुएर्तेव्हेंतुराला वारा मात्र जबरदस्त, छत्री उडून शेजाऱ्याच्या ताटात पडेल असा. कधी सहारातली धूळही येते, तिला तिथे ‘कालिमा’ म्हणतात. तेव्हा आकाश गढूळ होतं. किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरू नका. तिथला समुद्र अटलांटिक आहे, तरणतलाव नव्हे.

तुम्ही इंग्लंडात राहता पण पासपोर्ट भारतीय असेल, तर शेंगेन व्हिसा लागेल. हे लोक विसरतात.

सात दिवसांत पाच बेटं बसतील का? — एक वाचक, नागपूर

बसतील. पण तुमच्या लक्षात राहतील ती पाच बंदरं आणि पाच गाड्यांचे बुकिंग काउंटर. दोनच बेटं घ्या, तीही शेजारची. लान्झारोतेच्या प्लाया ब्लांकाहून फुएर्तेव्हेंतुराचं कोर्रालेहो बोटीने अर्ध्या तासाच्या आसपास. किंवा तेनेरिफेच्या लोस क्रिस्तियानोसहून ला गोमेरा, साधारण तासाभरात.

माझा कल गोमेराकडे. बेट गोल, मधे उंच, आणि चहूबाजूंनी खोल दऱ्यांनी चिरलेलं. समोरच्या उतारावरचं घर डोळ्यांना दिसतं पण पायी जायला दोन तास. म्हणून तिथल्या लोकांनी शिट्टीची भाषा घडवली, सिल्बो. ठराविक खुणांच्या शिट्ट्या नाहीत हो, अख्खी स्पॅनिश वाक्यं शिट्टीत. १९९९ पासून तिथल्या शाळांत ती शिकवतात. मी एका खानावळीत ऐकली. वाढप्याने बोट तोंडात घालून दरीकडे काहीतरी वाजवलं, पलीकडून उत्तर आलं, आणि तो निवांतपणे टेबल पुसायला लागला. काय विचारलंस म्हटलं, तर म्हणाला, पाव संपलाय, घेऊन ये. गाराहोनायचं धुक्यातलं जंगलही याच बेटावर. त्यासाठी एक पूर्ण दिवस ठेवा.

आम्ही शुद्ध शाकाहारी. आठ दिवस मॅगीवर काढावे लागतील का? — एक वाचक, नाशिक

मुळीच नाही. ‘पापास आर्रुगादास’ मागवा. लिंबाएवढे बटाटे सालीसकट खूप मीठ घातलेल्या पाण्यात उकडतात आणि पाणी आटवतात. साल सुरकुतते, वर मिठाची पांढरी साय धरते. सोबत ‘मोहो’. लाल मोहोत सुकी मिरची, लसूण, जिरं, तेल आणि व्हिनेगर. पहिल्या घासाला आपली लसणाची चटणी आठवली नाही तर मला पत्र लिहा. हिरवा मोहो कोथिंबिरीचा. बकरीचं चीज भाजून त्यावरही तोच ओततात. (चीजमधलं विरजण प्राणिज असू शकतं. तुमचं ‘शुद्ध’ किती शुद्ध, ते तुम्ही ठरवा.)

आणि गोफियो! भाजलेल्या धान्याचं पीठ, म्हणजे थेट आपलं सातू. स्पॅनिश लोक येण्याआधीच्या मूळ रहिवाशांपासून चालत आलेलं. दुधात कालवून पोरं खातात, केळं-मध घालून मळून त्याचे गोळेही करतात. मात्र ‘एस्काल्दादो’ असं लिहिलेलं गोफियो घेऊ नका, ते बहुधा माशाच्या रश्शात कालवलेलं असतं.

‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. सॅलडवर ट्यूना टाकून आणतील, भाजीच्या सूपमध्ये डुकराचा तुकडा निघेल. ‘सिन कार्ने नी पेस्कादो’ म्हणा, म्हणजे मांसही नको, मासेही नको. लास पाल्मास (ग्रान कनारिया बेटावरचं, ला पाल्मा नव्हे) आणि सांता क्रूझ (तेनेरिफेवरचं) या दोन मोठ्या शहरांत सिंधी व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे, तिथे भारतीय जेवण सहज मिळतं.

मी भूशास्त्राचा विद्यार्थी. खरा लाव्हा बघायचाय. लान्झारोते की ला पाल्मा? धोका किती? आणि आठवण म्हणून एखादा दगड आणता येईल का? — एक वाचक, पुणे

एकच निवडायचं तर लान्झारोते. १७३० ते १७३६ अशी सहा वर्षं तिथे जमीन धुमसत होती. पाव बेट लाव्हाखाली गेलं, गावं गाडली गेली. पाऊस इतका कमी की तीनशे वर्षांनंतरही लाव्हा कालचा वाटतो. तिमानफाया उद्यानात कर्मचारी जमीन थोडी उकरून चार खडे तुमच्या तळहातावर ठेवतो आणि तुम्ही ते या हातातून त्या हातात नाचवायला लागता. मग तो खड्ड्यात वाळकं झुडूप टाकतो, ते भप्पकन पेटतं. नळीत बादलीभर पाणी ओततो, दोन-तीन सेकंदांत वाफेचा फवारा. पुढचा रस्ता मात्र उद्यानाच्या बसनेच, मधे उतरू देत नाहीत. सकाळी लवकर पोचा, नाहीतर गाड्यांच्या रांगेत तास जातो. परतताना ला हेरियात थांबा. राखेत खोल आळी खणून प्रत्येक आळ्यात एकच द्राक्षवेल, वाऱ्याच्या बाजूला अर्धगोल दगडी बांध. राख रात्रीचं दव धरून ठेवते. वरच्या नाशिककरांनीही हे बघावंच.

ला पाल्माचा उद्रेक ताजा आहे: १९ सप्टेंबर ते १३ डिसेंबर २०२१, सलग ८५ दिवस. शास्त्रज्ञांना आठवडाभर आधीच भूकंपांची मालिका जाणवली होती. सगळ्या बेटांवर सतत नजर असते, त्यामुळे भीतीपोटी बेत रद्द करू नका. फक्त तिथे फोटो काढताना भान ठेवा, त्या काळ्या थराखाली लोकांची घरं आहेत आणि ते लोक तिथेच जवळपास राहतात.

दगड आणू नका. राष्ट्रीय उद्यानांतून तो उचलायला बंदी आहे. आणि तुम्ही पुण्याचे, बेसाल्टच हवा असेल तर चप्पल घालून पर्वतीच्या पायथ्याशी जा की.